पायातलं

पुण्याची एसटी यायला दीड तास होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक अंबडच्या स्टँडवरच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे ठेवली आणि म्हणाले, "चल माय, तवर दुकानात बसू." अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी शिकायला निघाले होते. कुंभार पिंपळगावातून इतक्या लांब जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच मुलगी, आणि रडायचं नाही असं ठरवून निघालेली.

दुकान म्हणजे स्टँडमागच्या गल्लीतलं चाचांचं पुस्तकांचं दुकान. गावाकडच्यांनो, तुमच्यातले जे तिकडेच राहिलात त्यांना आठवत असेल. काउंटर नव्हता. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, पांढऱ्या चादरीच्या बैठकीवर मांडी घालायची आणि भोवतीच्या थप्प्यांतून हवं ते ओढून घ्यायचं. चाचा म्हणायचे, "आराम से देखो बेटी, देखने की क्या जल्दी है?" दर जूनला शाळेची पुस्तकं घ्यायला आलो की मी गोष्टींच्या थप्पीत अशी घुसायचे की अण्णांना चार हाका माराव्या लागत. नवी पानं नाकाशी धरायची, चित्रं बघायची, दोनातलं एक निवडताना जीव नुसता खालीवर व्हायचा. तेवढं सुख मला पुढे कशात मिळालं नाही. अण्णा चौथी शिकलेले. स्वतःसाठी ते कधी काही घेत नसत. पण मला दरवेळी बजावायचे, "पायातलं घालून पुस्तकाला हात लावू न्हाई." त्या दिवशी त्यांनी मला शब्दकोश घेऊन दिला. एसटीत मी खरंच रडले नाही.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर मी चपला काढल्या. आतला माणूस हसला, "ताई, मंदिर नाही हे." मी ओशाळून घातल्या. पुढच्या खेपेला आठवणही झाली नाही. माझ्यासारखे जे निघाले त्यांना हे माहीत आहे. एकेक गोष्ट अशी सुटत जाते आणि आपण वर म्हणतो, रुळलो बुवा.

पंधरा वर्षांनी अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले. नवा चष्मा लागला त्या दिवशी म्हणाले, "आता बराबर दिसून राह्यलं. एक पुस्तक घेऊन दे. मला. गोष्टीचं." उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेलं हे पहिलं पुस्तक. मला कोण आनंद झाला! मी त्यांना काचेच्या दाराच्या, एसी असलेल्या दुमजली दुकानात नेलं. त्यांनी दाराशी चपला काढून भिंतीला नीट लावून ठेवल्या. वॉचमन बघत होता, मागे माणसं खोळंबली होती. मला लाज वाटली. मी दबक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, घाला हो. इथं चालतं."

त्यांनी घातल्या. मग हात पाठीमागे बांधून ते दोन्ही मजले फिरले. मी पुस्तक पुढे केलं की मान वाकवून बघायचे, "चांगलं हाय" म्हणायचे. हात काही पुढे आला नाही. घ्यायचं का विचारलं, तर "पुढच्या बारीला घेऊ." मला वाटलं, यांना काही पसंतच पडत नाही. थोडा रागही आला.

पुढची बारी आली नाही. तेराव्याला गावी हे मी धाकट्या भावाला सांगितलं. तो पत्रावळी उचलत होता. न थांबता म्हणाला, "अगं ताई, त्यायच्या पायात चप्पल व्हती ना."

मला तेव्हा रडू आलं नाही, अजूनही येत नाही. दर रविवारी मी दुकानात जाते, नावं वाचते, एखादं घेते, घरी कपाटात ठेवते. आत काही हलत नाही. घर कुठं, असं कोणी विचारलं तर पिंपळगाव सांगते, पुणंही सांगते. दोन्ही खरंच आहे. पण मनात येते ती त्या पांढऱ्या चादरीवरची मांडीपुरती जागा. चाचा गेले. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे.

मागच्या रविवारी मी त्या काचेच्या दाराबाहेर सँडल काढले. वॉचमन नवा होता. अदबीनं म्हणाला, "मॅडम, घाला. इथं चालतं."

मी घातले. मग हात पाठीमागे बांधले आणि दोन्ही मजले फिरून आले.