विहिरीकाठची शिंदी

सोलापूरची लुगडी विकायला आम्ही दोघं बाजारोबाजार फिरायचो. माझा हा तेलुगू विणकर सोबती दर गावी आधी शिंदीवाल्याची झोपडी गाठायचा. एकच घोट घ्यायचा आणि डोळे मिटून झाडाचा पत्ता सांगायचा, "माळावरचं की हे!"

टेंभुर्णीच्या शिंदीवाल्याचा पाय मोडला होता, म्हणून त्याची बायको स्वतः झाडावर चढली होती. "बाईनं काढलेली कोण पिणार?" म्हणत माणसं लांबच उभी होती. माझ्या सोबत्यानं द्रोण तोंडाला लावला. ती बघत राहिली.

"विहिरीकाठचं झाड. काढणारा हात लई हलका हाय, अक्का. अजून द्या!"

दुसरा द्रोण त्यानं कुठंच कधी मागितला नव्हता. बाई खुदकन हसली. माणसं पुढं सरकली, आणि आजवर शिंदीला न शिवलेला मीसुद्धा त्यांच्यात शिरलो.