वूफरची जागा

"डब्बा मंग पाहू. पयले खोली सांगा."

साउंडच्या त्या दुकानात कोणीही शिरलं की दुकानदाराचं पहिलं वाक्य हेच; डब्बा म्हणजे स्पीकरची पेटी. गिऱ्हाईक विचारायचं, वूफर आठ इंची चांगला की बारा इंची. हा विचारायचा, खोली किती बाय किती, फरशी कसली, खिडक्या किती, आणि गाणं ऐकताना तुम्ही बसता कुठे. निम्मी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला कंटाळून समोरच्या दुकानात जायची. तिथे खोलीची चौकशी कोणी करत नसे. हा त्यांच्या पाठीकडे जरा वेळ बघायचा आणि पुन्हा उघड्या अॅम्प्लिफायरमध्ये डोकं घालायचा.

माल विकण्याची घाई नसलेला असा एखादा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. अशा माणसाला आपण आधी आळशी म्हणतो, नंतर विक्षिप्त म्हणतो. मी या क्रमानेच गेलो.

मी तेव्हा गोंदियातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. रेल्वे लाइनीच्या पलीकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. घरात एक बरा अॅम्प्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर होते. त्यांच्यावर गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ यायचा, तंबोरा छान यायचा. डग्गा मात्र पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा वाजायचा. फक्त खालचे, जाड सूर वाजवणारी वेगळी पेटी, म्हणजे वूफर, जोडला की हे दुखणं जाईल असं मी वाचलं होतं. बारा इंचीच घ्यायचा हेही घरूनच ठरवून गेलो होतो. त्याने माझ्या खोलीची मापं एका पावतीच्या मागे लिहून घेतली आणि रविवारी सकाळी येतो म्हणाला.

रविवारी तो स्कूटरवर आला. मागे त्याची बायको होती आणि तिच्या मांडीवर आठ इंची वूफर. बारीक अंगाची बाई, कोणाशी फारसं न बोलणारी. माझ्या बायकोने चहा विचारला तर तिने नुसती मान हलवली आणि खोलीत सगळीकडे एकदा नजर फिरवली. नवरा कुठे कुठे जातो यावर लक्ष ठेवायला ही सोबत येत असावी, असा मी तर्क केला. बाजारात बाकीच्यांचाही तोच तर्क होता, हे मला नंतर कळलं.

मग त्याने जे केलं ते पाहून माझी बायको स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून हसली. त्याने तो वूफर उचलून माझ्या रोजच्या खुर्चीत ठेवला, पाहुणा बसवावा तसा. एक संथ, जाड सुरांचं वादन लावलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागला. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माणूस पुस्तकांच्या कपाटाखाली डोकं घालतोय, दोन हात पुढे सरकतोय, थांबतोय, तळहात फरशीवर टेकवून डोळे मिटतोय.

मी विचारलं, भाऊ, हे काय चाललंय. तो रांगतच म्हणाला की जाड आवाज खोलीत सारखा पसरत नाही, कुठे साचतो, कुठे गायबच होतो. तुमच्या जागेवर डब्बा ठेवून जिथं मला तो चांगला ऐकू येतो, तिथं डब्बा ठेवला की तुमच्या जागेवर तुम्हाला तसाच ऐकू येईल. कोपऱ्यात तो फार मोठा वाजतो म्हणून लोक खूश होतात, पण तो नुसता गोंगाट असतो.

सगळ्यात चांगली जागा निघाली ती आमच्या तांदळाच्या कोठीची. माझ्या बायकोने कोठी हलवायला साफ नकार दिला. मला वाटलं आता हा शास्त्र सांगेल. त्याने कोठीवर हात ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाला, "वैनी बरोबर म्हणून राहिल्या. घरात पयले घर." आणि पुन्हा गुडघ्यावर बसला. दुसरी जागा मिळाली पुस्तकांच्या कपाटाच्या बाजूला. तिथे बारा इंचीची गरज नव्हती. हा आठ इंचीच पुरे, असं तो म्हणाला.

आता खुर्चीत त्याची बायको बसली. एका बाईने गायलेल्या ठुमरीच्या रेकॉर्डिंगवर तिचं काम सुरू झालं. वूफरच्या पाठीला दोन खुंट्या आणि एक छोटं बटण असतं. एका खुंटीने आवाज कमी-जास्त होतो. दुसरीने वूफरने कुठल्या सुरापर्यंत वाजायचं आणि तिथून पुढे स्पीकरांवर सोडायचं, ते ठरतं. बटणाचं त्याने मला असं सांगितलं होतं की ते दोघं स्पीकर हवा समोर ढकलून राहिले अन् हा डब्बा मागे ओढून राहिला, त मधात काहीच उरत नाही, मंग बटण पलटवा. तो वाकून खुंटी फिरवायचा आणि बायकोकडे बघायचा. ती डोळे मिटून ऐकायची.

"बाई जाड झाली," ती म्हणाली.

त्याने खुंटी केसभर मागे घेतली.

"आता?"

"आता तिच्या गळ्यात आली."

एवढंच त्यांचं बोलणं. तासाभराने मी खुर्चीत बसलो तेव्हा वूफर कुठे आहे हे मला कानाने सांगता आलं नाही. डग्गा समोरच्या दोन छोट्या स्पीकरांमधूनच येत होता, आणि तो डग्गाच होता. मी पैसे दिले. दोघं निघून गेले.

त्यानंतर मी कॉलेजातून परतताना त्याच्या दुकानात थांबायला लागलो. तो मूळचा दवनीवाड्याचा. तरुणपणी त्याच्याकडे लग्नाच्या वरातींचा डीजे होता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या उंचीचे डब्बे. पंधरा वर्षं तो त्या डब्ब्यांसमोर उभा राहिला. ते सगळं का विकलं, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने दुसराच विषय काढला.

उत्तर मला त्याच्या बायकोने दिलं. दुकानात जेवणाचा डबा द्यायला आली होती, तो बाहेर गेला होता. ती मुळात बोलत नसे असं नव्हतं. कामाच्या वेळी बोलत नसे. तिने सांगितलं की एकदा ती कुकर लावून शेजारी गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा असं सांगून. परत आली तर घरभर जळका वास, कुकर काळा, आणि हा गॅसपासून चार हातांवर बसून एक स्पीकर उघडून बघतोय. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिला काय वाटलं कोण जाणे, त्याच्या पाठीमागे उभी राहून तिने हातातल्या बांगड्या वाजवल्या. त्याने वळून पाहिलं नाही. तिने आणखी वाजवल्या.

"मंग मी समोर येऊन बसलो," ती म्हणाली. त्या भागातल्या बायकांसारखी तीही स्वतःबद्दल पुरुषासारखं, आलो-बसलो असंच बोलायची. "म्हटलं, अजी, किती दिवसापासून? तर म्हणते, चार वर्षं."

चार वर्षं त्याने कोणालाही कळू दिलं नव्हतं. जाड आवाज त्याला पहिल्यासारखाच ऐकू यायचा; बहुतेकांपेक्षा चांगला. बारीक आवाज गेले होते: शिट्टी, बांगड्या, चिमण्या, बोलण्यातला स आणि श. माणसं काय बोलतात ते तो निम्मं ओठांवरून ओळखायचा. त्याच हंगामात डीजे विकला आणि दोघांनी मिळून हे घरगुती काम सुरू केलं. खालचा सूर त्याचा, वरचा तिचा. मला माझा रविवारचा तर्क आठवला आणि मी चहा संपवून निघालो.

हे गुपित फार दिवस टिकलं नाही. गावातल्या एका राइस मिलवाल्याने नवीन घर बांधलं होतं. दिवाणखान्यात चकचकीत फरशी, एका भिंतीला काचेची कपाटं, समोर पडद्याविना मोठ्या काचा. त्याला पंधरा इंची दोन वूफर हवे होते. याने सांगितलं की आधी खाली सतरंजी घाला आणि काचांना परदे लावा, मग दहा इंचीचे दोन लहान बसवू, समोरासमोरच्या भिंतींना, म्हणजे सगळ्या सोफ्यांवर सारखं ऐकू येईल. मिलवाला हसला, पण तयार झाला. नवरा-बायको दोन दिवस तिथे जाऊन राबले. तिसऱ्या दिवशी दुपारी मिलवाल्याने चार मित्रांना ऐकायला बोलावलं. या दोघांच्या ओळखीचा म्हणून त्याने मलाही बोलावलं होतं.

गाणं सुंदर वाजलं. मित्रांपैकी एकजण मात्र वूफरशी वाकलेल्या माणसापेक्षा खुर्चीतल्या बाईकडेच जास्त बघत होता. शेवटचा हात म्हणून नवरा खुंटी फिरवायचा आणि बायको बोट वर करायची, ते त्या मित्राच्या लक्षात आलं असावं. कुठून तरी कुजबुजही त्याच्या कानावर आली असणार. त्याने खिशातून मोबाइल काढला, कानाची परीक्षा घ्यायची ती बारीक शिट्टी लावली आणि मोबाइल याच्या डोक्यामागे धरला. आम्हा सगळ्यांना ती शिट्टी टोचत होती. हा समोर बघत वायर गुंडाळत होता.

"भाई, ये सुनाई दे रहा है क्या?" त्या माणसाने समोर येऊन विचारलं.

मिलवाला दुसरीकडे बघू लागला. याची बायको खुर्चीतून उठली होती. मला वाटलं, आता तीच काही तरी सांगून वेळ मारून नेईल. याने तिला हाताने थांबवलं आणि मोबाइलकडे नीट बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "बारीक आवाज मले ऐकू येत नाही. तिले येते. म्हणून आम्ही दोघं येतो."

वायरचं वेटोळं त्याने पिशवीत टाकलं, स्क्रूड्रायव्हर मोजून घेतले. मिलवाल्याला नमस्कार केला आणि दोघं जिना उतरून गेले. मी तिथेच बसून राहिलो. काही बोलायला हवं होतं, हे मला ते गेटबाहेर पडल्यावर सुचलं.

बहिरा माणूस साउंड लावतो, ही गोष्ट आठवड्याभरात बाजारभर झाली. दुकानात येणारे कमी झाले. मिलवाल्याने नागपूरहून दुसरा माणूस बोलावला. त्याने दोन्ही वूफर उचलून टीव्हीच्या दोन बाजूंच्या कोपऱ्यांत ठेवले. हे कळलं तेव्हा हा एक अॅम्प्लिफायर उघडून बसला होता. त्याच्या बायकोने मात्र मला विचारलं, कपाटाच्या काचा वाजत असतील ना. मी म्हटलं, माहीत नाही.

सात-आठ महिन्यांनी कॉलेजच्या कामासाठी मला त्या मिलवाल्याकडे जावं लागलं. दिवाणखान्यात बसलो आणि बघितलं: दोन्ही वूफर समोरासमोरच्या भिंतींना, अगदी जिथे या दोघांनी ठेवले होते तिथे. मिलवाल्याने माझी नजर पाहिली आणि चहाची कपबशी पुढे सरकवली. त्याने ते स्वतःच हलवले होते, असं तो हळूच म्हणाला. कोणाला सांगितलं नव्हतं. मी तिथून सरळ दुकानात गेलो आणि सांगितलं. नवरा-बायको दोघंही होते. ती खाली मान घालून जरा हसली. त्याने एवढंच विचारलं, "परदे लावले का?"

लावले होते.

पुढच्या पावसाळ्याअखेर त्याची बायको तापाने गेली. दहा दिवस ताप होता, अकराव्या दिवशी ती नव्हती. मी बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. समोरच्या दुकानदाराने सांगितलं की तो गावी भावाकडे गेला, सामान मुलगी आणि जावई अर्जुनी मोरगावहून येऊन घेऊन गेले. आता तिथे मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.

दोन वर्षांनी मी स्वतःचं घर घेतलं. नव्या खोलीत माझा वूफर पुन्हा पिंपासारखा घुमायला लागला. मी तीन-चार जागा बदलून पाहिल्या, मग त्याला भेटायला दवनीवाड्याला गेलो. खरं सांगायचं तर वूफर हे निमित्त होतं, पण निमित्त होतं म्हणूनच मी गेलो.

तो भावाच्या घराच्या ओसरीवर बसला होता. केस होते तेवढे पांढरे झाले होते. मला बघून उठला, पाणी आणवलं, माझ्या बायकोची चौकशी केली. मी मापं लिहून नेली होती. त्याने कागद हातात घेतला, खिडक्या कुठे आहेत ते विचारलं, खुर्ची कुठे ते विचारलं. बोट ठेवून ठेवून बराच वेळ बघितलं. मग घडी करून कागद मला परत दिला.

मी म्हटलं, भाऊ, एकदा या ना घरी.

"रांगून देईन मी, सर," तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला. "पण वरचं कोण ऐकन?"

मी कागद खिशात ठेवला. आम्ही त्याच्या धानाविषयी बोललो, रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बाया मिळत नाहीत याविषयी बोललो. जेवून जा म्हणाला, पण गोंदियाची बस होती. तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. रस्त्याच्या मधोमध माझ्याकडे तोंड करून उभा राहून काहीतरी सांगत होता, आणि बस त्याच्या पाठीमागून चिरका हॉर्न देत आली; तिची घरघर शेतातल्या डिझेल पंपाच्या आवाजात मिसळून गेली होती. मी त्याचा कोपर धरून त्याला कडेला घेतलं. त्याने मागे वळून पाहिलं.

"आली का?" तो म्हणाला. मी चढलो.

खिडकीतून पाहिलं तर तो बांधावरून परत निघाला होता. दोन्हीकडे पाणी भरलेल्या भाताच्या बांध्या होत्या आणि त्यांत बाया वाकून रोवणी करत होत्या. त्यातली एक सरळ उभी राहून चिखलाचा हात वर करून त्याला हाक मारत होती. तिने पुन्हा हाक मारली, मग शेजारचीनेही. तो खाली बघत, बांधावर पाय जपून टाकत सरळ चालत राहिला.