आवृत्तीमावशी

नाचाच्या बाई पैशाला जपून असायच्या. मुलींचे फाटलेले बूट घरी नेऊन स्वतः शिवतील, पण नवे घ्या असं तोंडातून निघणार नाही. अशा बाईंवर एक सॉफ्टवेअर विकत घ्यायची पाळी आली आणि तिथेच घोडं अडलं.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या त्यांच्या क्लासात वर्षानुवर्षं पियानो वाजवायची ती त्यांची थोरली बहीण. ताई वाजवणार, बाई शिकवणार आणि दोघी मधूनमधून एकमेकींवर डाफरणार, असा सुखाचा कारभार होता. मग एका आजारपणात ताईच्या डाव्या हाताला कंप सुटला. तिने पियानोचं झाकण लावलं ते लावलंच. क्लासकडे फिरकेना, चारचौघांत चहाचा कपही उजव्याच हाताने उचलायची. डाफरायला कुणी उरलं नाही म्हणून बाईंना शिकवण्यात गोडी वाटेना.

ताईचं जुनं वाजवणं मात्र एका खिशात मावणाऱ्या रेकॉर्डरमध्ये शिल्लक होतं. वार्षिक कार्यक्रमात मुली त्यावर नाचतील आणि ताई पहिल्या रांगेत बसून ऐकेल, असं बाईंनी ठरवून टाकलं. ताईला घराबाहेर काढायचा दुसरा उपाय त्यांना दिसत नव्हता. ताई आधी नाहीच म्हणाली, मग कशीबशी कबूल झाली.

"नीट ऐकू येणार असेल तर येते. मधे खरखर, घरघर काही असेल तर मला बोलवूच नकोस."

आता तो रेकॉर्डर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली आणि त्याच्या फायली अशा नखरेल, की एकही कॉम्प्युटर त्यांना ओळख दाखवेना. त्या साध्या फायलींत बदलून देणारं सॉफ्टवेअर मिळत होतं, पण दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यालाच दया आली. त्याने फुकटातली चाचणी आवृत्ती टाकून दिली. ती सगळं करायची, फक्त दर अर्ध्या मिनिटाला पियानोचा आवाज दाबून एक बाई मधाळ सुरात सांगायची, "ही चाचणी आवृत्ती आहे. कृपया पूर्ण आवृत्ती विकत घ्या."

सरावापुरतं चालेल, म्हणाल्या बाई. पुढचं पुढे.

मुलींनी तिचं नाव आवृत्तीमावशी ठेवलं. ती बोलली की फिसकन हसायच्या. बाईंनी दम भरला, की मावशी बोलत असेपर्यंत जिथल्या तिथे खांबासारखं उभं राहायचं आणि तिचं झालं की पुढे सुरू करायचं. हे इतकं अंगवळणी पडलं, की ती बोलायच्या जरा आधीच मुली खांब होऊ लागल्या. बाईंना त्याचंही कौतुक.

स्वस्तातल्या सॉफ्टवेअरचा शोध चालूच होता. भाच्याने पाठवलेल्या एकाने नुसती खरखर काढली. दुसऱ्याने ताईला दुप्पट वेगाने पळवलं. शेवटी एका मुलीचे आजोबा मदतीला आले. हे निवृत्त दंतवैद्य, पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करत रानोमाळ हिंडणारे. त्यांच्या पक्षीवेड्या मंडळींकडे हाच रेकॉर्डर होता आणि त्यांच्यातल्याच एकाने त्याच्यासाठी छोटंसं सॉफ्टवेअर लिहून, मर्जीने द्याल ते द्या या बोलीवर वाटलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आजोबांनी सगळ्या फायली बदलून आणल्या. मावशी गायब आणि ताईचा पियानो लख्ख. बाईंचा जीव भांड्यात पडला. ऐकता ऐकता त्या थोड्या रडल्याही. मुलींना ऐकवायला सवड नव्हती, पण वाजवणं तेच तर आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी ताई खरंच आली. पहिल्या रांगेत बसली, डावा हात पर्सखाली दडवून. पडदा सरकला, पियानो सुरू झाला, तिची मान हळूहळू डोलू लागली. अर्धं मिनिट झालं आणि सगळ्या मुली खांब झाल्या. पियानो आपला पुढे निघून गेला. मावशी बोलेना, त्यामुळे हलायचं केव्हा हेच कुणाला कळेना. एक जण हलली तर दुसरीने तिला मागे ओढलं, सगळ्यांत लहानीने भोकाड पसरलं. पडद्याआड बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

ताई उठली. कॉम्प्युटरपाशी बसलेल्या दंतवैद्यांना तिने ते बंद करायला सांगितलं, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या पियानोची खोळ ओढून काढली आणि बसली. डावा हात थरथरत होता, अख्ख्या सभागृहाला दिसत होता. तिने पहिल्यापासून धरलं. मुली खांब झाल्या की ती बोटं उचलून थांबायची, त्यांच्याकडे बघून मान हलवायची आणि पुन्हा वाजवू लागायची. असं दर वेळी. सूर चुकले, पुष्कळ चुकले, पण नाच शेवटपर्यंत गेला.

नंतर बाईंनी तिला गाठून एका दमात सगळं सांगून टाकलं. चाचणी आवृत्ती, पक्षीवाले आजोबा आणि स्वतःचा गाढवपणा. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताची बोटं उजव्याने चोळत म्हणाली,

"डावा हात अगदीच बिघडलाय. सराव पाहिजे. मंगळवारचा क्लास अजून पाचलाच असतो ना?"