धरणीचा घोट

फ्रीमाँटमधल्या आमच्या मेकॅनिकला मी थंड सोड्याचा कॅन दिला, तर त्यानं पहिला घोट गॅरेजबाहेरच्या मातीत ओतला. सांडलं वाटून मी पेपर टॉवेल घेऊन चक्क माती पुसायला धावलो.

"सांडलं नाही, दिलं," तो म्हणाला. "आधी धरणीला, मग मला."

तो बोलिव्हियाचा, तिथल्या डोंगराळ भागातल्या आयमारा जमातीचा. बोलायचा कमी, इंजिनाला कान लावायचा जास्त. पंच्याऐंशी साली बायको आणि मी त्याच्या देशात फिरायला निघालो, तेव्हा मात्र त्यानं माझा हातच धरला. "बारा वर्षं मला जाता आलेलं नाही. वर घाटमाथ्यावर माझ्या नावानं एक घोट दे."

घाटमाथ्यावर बस थांबली आणि धाप लागून मी मटकन खाली बसलो. बर्फाचे डोंगर इतके जवळ, की बोलायची छाती होईना. बसमधल्या म्हाताऱ्या मुकाट्यानं पहिला घोट मातीला देत होत्या. मीही दिला, त्याच्या नावानं.

परतल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "लगेच प्यायली का धरणी?"

"लगेच."

त्यानं तेलकट हातांनी टोपी काढली आणि डोळे मिटले.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "आणि तुम्ही चित्राहुती सोडलीत, टेबल पुसावं लागतं म्हणून!"