रमजानचं नाक

शहाद्यात रमजानच्या गॅरेजला लागूनच माझं बॅटरीचं दुकान आहे. त्याचं काम मी रोज बघतो. गाडी आत आली की बॉनेट उघडायच्या आधीच तो सांगायचा, ‘पेट्रोल जास्त जातंय’ किंवा ‘ऑइल जळतंय’. उभा जन्म त्याने वासावर गाड्या ओळखल्या.

करोनात तो जगला, पण त्याला वास येईनासा झाला आणि पुढे कधी आलाच नाही. ही गोष्ट त्याने आम्हा कोणाला कळू दिली नाही. मोठी कामं तो ‘वेळ नाही’ म्हणून परत पाठवायचा आणि स्कूटरचं ऑइल बदलत बसायचा. मला वाटलं, दुखण्याने माणूस खचला. खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, हलीमाला माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात म्हसावदचे रतिलालभाऊ त्यांची जुनी परदेशी मोटार घेऊन आले. कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्या आपल्याकडे कोणी पाहिल्याही नव्हत्या तेव्हाची ती गाडी. केळीच्या बागांपेक्षा त्यांचा जीव तिच्यात जास्त.

“रमजानभाई, काळा धूर फेकी ऱ्हायनी. पेट्रोल ते पानीनामायक पी ऱ्हायनी,” ते म्हणाले.

रमजान बराच वेळ गाडीभोवती फिरला. नेहमीसारखं ‘वेळ नाही’ म्हणेल असं मला वाटलं. पण तो थांबला आणि सगळ्यांदेखत बोलला, “मन्हं नाक गये, रतिलालभाऊ. माले वास येत नही.”

मी हातातलं काम टाकून बघत राहिलो. रतिलालभाऊंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. “हात ते शेतस ना?”

रमजान कामाला लागला. प्लग काढले तर चारही काजळीने काळे. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात होतं, हे नक्की. पण कुठून? पहिला संशय पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागावर. त्याच्या आतला पडदा फाटला, तर पेट्रोल हवेच्या बारीक नळीतून इंजिनात उतरतं. त्याने नळी काढली आणि सवयीने नाकाशी नेली. मग थबकला.

हलीमा डबा घेऊन आली होती. तिने त्याच्या हातातून नळी घेतली आणि हुंगली.

“पेट्रोल नही. नुसता रबरना वास शे.”

“बराबर हुंग.”

“बराबरच हुंगनू.”

रमजानने तिच्या शब्दावर तो भाग सोडून दिला. मग इंजिनच्या पाण्याचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर काढला, चहाच्या पातेल्यात बुडवला आणि पातेलं स्टोव्हवर ठेवलं. सेन्सरच्या तारांना मीटर लावलं. पाणी तापत गेलं, उकळलं, तरी मीटरवरचा आकडा थंड पाण्यातल्यासारखाच. जागचा हलेना.

रमजान हसायला लागला. किती तरी दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं. “रतिलालभाऊ, आठे जीव जाई ऱ्हायना इतलं ऊन शे, आनि तुमनी गाडीले वाटस हिवाळा शे!”

इंजिन थंड आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर सकाळी चालू करताना लागतं तेवढं पेट्रोल दिवसभर सोडत होता. नवा सेन्सर सुरतेहून मागवला. तो बसवून, प्लग साफ करून गाडी चालू केली. धूर गेला, इंजिन एका लयीत चालू लागलं.

तरी रमजानचं समाधान होईना. त्याने हलीमाला मागच्या सीटवर बसवलं, काच खाली करायला लावली आणि रतिलालभाऊंना शेजारी घेऊन प्रकाशा गावाच्या रस्त्याने एक चक्कर मारली. परत आल्यावर हलीमाने उतरतानाच मान हलवली. पेट्रोलचा कसलाही वास नव्हता.

हल्ली रमजान मोठी कामं पुन्हा घेतो. नवं गिऱ्हाईक आलं की आधीच सांगतो, “माले वास येत नही, तपासाले टाइम लागी.” बहुतेक जण थांबतात. घाईत असलेले एक-दोघं निघून जातात. जेवणाच्या वेळी हलीमा आली की डबा उघडायच्या आधी तिला एखादी नळी नाहीतर टाकीचं झाकण हुंगावं लागतं. ती कुरकुरते, पण तिचं सांगणं अजून एकदाही चुकलेलं नाही.