विमानाचं दावं

"मिस्तरी, अजून किती वेळ? आपण काय बैल घ्यायला आलोय का?" आबासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी इंजिनाखाली आडवा पडलो होतो. तोंडावर तेल ठिबकत होतं, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती. नाहीतर सांगितलं असतं, की बैल घेताना तुम्ही दात बघता, चालवून बघता, खुरं उचलून बघता. इथं नुसता रंग बघितला आणि भुललात.

विमान तलवाड्याच्या अलीकडच्या एका इनामदारांचं होतं. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्याचं, वर कापड ताणून रोगण दिलेलं. निजामाच्या राजवटीत अशी खाजगी विमानं बोटांवर मोजण्याइतकी होती. इनामदार स्वतः पायलट, पण डॉक्टरनं डोळे तपासले आणि त्यांचं लायसन बंद झालं. आबासाहेब पालीकडचे जमीनदार. हैद्राबादच्या क्लबात नुकतेच उडायला शिकलेले. खाजगी पायलट, म्हणजे पगारासाठी नव्हे, हौसेसाठी उडणारा. आता त्यांना स्वतःचं विमान पाहिजे होतं.

मी त्याच क्लबात ग्राउंड इंजिनियर होतो. उडवतो तो पायलट, आणि हे विमान उडवण्याजोगं आहे असं लिहून खाली सही करतो तो ग्राउंड इंजिनियर. लोक मला मिस्तरीच म्हणायचे. मी गेवराईचा, सुताराच्या घरातला. विमानं लाकडाची होती तोवर आमच्या जातकामाला तिथं किंमत होती. सौदा जमला, तर त्याच दिवशी आबासाहेबांनी विमान हैद्राबादला न्यायचं आणि पुढच्या सीटवर मी बसायचं, असं ठरलेलं होतं. म्हणजे माझ्या सहीखाली माझाही जीव होता. ही गोष्ट त्या दिवशी मला एकट्यालाच आठवत होती.

तर मी सकाळी तीन तास तपासलं. पंखाचं कापड दोन ठिकाणी फाटलं होतं, ते शिवून रोगण दिलं. हवेचा वेग मोजायची एक बारीक नळी असते, तिच्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, ते काढलं. सीटखाली उंदरांनी संसार मांडला होता. सरकीचे ढीगच्या ढीग निघाले. इनामदार म्हणाले, "उंदीर काय, देवळात पण असत्यात!" सगळे हसले. मी नाही हसलो. उंदीर कापड खातो, दोर खातो आणि बिल पायलटच्या नावानं फाडतो.

त्या विमानाचे पंख मागं मिटायचे, म्हणून ते साध्या गोठ्याएवढ्या शेडमध्ये मावायचं. उडायच्या वेळी पंख उघडायचे आणि प्रत्येक पंखाच्या मुळाशी दोन, असे चार पोलादी खिळे घालायचे. आम्ही त्यांना पिन म्हणायचो. करंगळीएवढी जाड वस्तू, पण पंख धडाला धरून ठेवते ती हीच. त्या सकाळी चारही पिन मी माझ्या हातानं घातल्या. आबासाहेबांनी माळावरून विमान उडवलं, दोन चकरा मारल्या, उतरवलं. इंजिन ठीक, चाल ठीक. मी म्हणालो, "घ्यायला हरकत नाही."

झालं! लगेच पानसुपारी, लगेच जेवण. पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची धार. मी दोन पोळ्यांवर थांबलो तर इनामदारांनी आग्रहानं तिसरी वाढली. माणूस दिलदार होता, हे कबूल करायला पाहिजे. म्हणूनच तर नंतर जे घडलं त्याचा मला जास्त संताप आला.

जेवून आलो तर विमानापाशी गाव लोटलेलं. नाकावरच्या पंख्याला हळदीकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता. आबासाहेब गॉगल लावून मागच्या सीटवर चढूनही बसले. मी मात्र पंखाखाली शिरलो.

"आता काय?" आबासाहेब वरून ओरडले.

"चेक करतो."

"अहो, आत्ताच तर उडून आलोय!"

"उडून आलात, मग जेवलात. विमान तेवढा वेळ एकटं होतं."

इनामदारांचा चेहरा उतरला. "मिस्तरी, आमच्या दारात जेवलात आन् आता आमचाच माल तपासता? आमी काय चोर हाव?"

"नाही सरकार. हा नियम आहे."

"नियम तुमच्या क्लबात. इथं इज्जत असती."

आबासाहेब खाली वाकून हळूच म्हणाले, "मिस्तरी, माझी बेइज्जती करू नका. बसा."

माझ्या जिवाची काळजी करणारा मी एकटा, आणि बेइज्जतीची काळजी करणारे शंभर! मी बसलो नाही. माझी एक सवय होती. पिन नुसती बघायची नाही, पान्यानं वाजवायची. पोलाद टण्ण वाजतं. उजवीकडच्या दोन्ही वाजल्या. डावीकडची मागची वाजली. डावीकडची पुढची ठक्क करून गप्प बसली.

मी पुन्हा वाजवली. ठक्क. वंगण पुसलं आणि खालून काळपट तांबूस लाकूड दिसलं.

सुताराच्या घरात जन्मल्यामुळं लाकूड ओळखायला मला वेळ लागला नाही. बाभूळ. सुबक तासलेली, टोकाला निमुळती, डोक्याला बोंड ठेवलेली. जुवाला बैल जुंपताना मानेच्या बाजूला जो दांडका घालतात, ती शिवळ असते ना, हुबेहूब तशी छोटी शिवळ.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो. खरंच ओरडलो.

गर्दीतून इनामदारांचा जुना गडी किसन पुढं आला. विमान उघडायला, मिटायला तोच असायचा. चेहऱ्यावर भीती नाही, उलट थोडा अभिमानच. "म्या केली. दोघांनी पंख उचलून धरला आन् बसवली. बाभळीची हाय मिस्तरी, लई चिवट. भोक उगडं कावून ठिवायचं?"

"आणि लोखंडाची कुठं गेली?"

"गोठ्यात टांगली. सरकारांच्या आत्याबाई म्हनल्या, इकलेल्या मालाचं दावं घरात ऱ्हायला पायजे. ह्याला दोर न्हाई. पंख ज्यानं बांधत्यात तेच दावं."

आमच्याकडची ही रीत आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते म्हणतात. किसनला तिथं दोष कसा द्यायचा? त्याला सांगितलं ते त्यानं केलं, आणि वर भोक उघडं राहू नये म्हणून जीव ओतून शिवळ तासली. त्याच्या दृष्टीनं बाभळीपेक्षा भरवशाचं काही नव्हतं.

पण इनामदार? मी त्यांच्याकडं वळलो. "सरकार, तुम्हाला ठाऊक होतं?"

ते माळाकडं बघायला लागले. "आत्यानं जेवताना कानावर घातलं होतं. येक खिळा तर हाय. सांगायचं राहून गेलं. हैद्राबादला दुसरा बसवून घ्या."

"हैद्राबादला पोचलो तर ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस स्वतः पायलट! हवेत दोन माणसांचं, इंजिनाचं सगळं वजन पंखाच्या मुळाशी येतं हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक. पहिल्याच वळणावर ती शिवळ कातरली असती आणि पंख मिटला असता. हे ठाऊक असून त्यानं मला तिसरी पोळी वाढली! आत्याबाईंना नाही म्हणायला जीभ रेटली नाही, आणि पाहुण्याला सांगायला शरम वाटली. दोन माणसं मेली असती एका माणसाच्या भिडेपोटी. हे सगळं मी तिथं, गावासमोर, याहून वाईट शब्दांत बोललो. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

"मिस्तरी, पुरे!" आबासाहेब म्हणाले. पण ते सीटवरून खाली उतरले होते आणि डाव्या पंखापासून चार हात लांब उभे होते.

शेवटी मीच वाड्याच्या दारात गेलो. आत्याबाई म्हणजे इनामदारांच्या थोरल्या आत्या, सत्तरीच्या. त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. "आत्याबाई, ते दावं नव्हे. बैलगाडीच्या आसाला चाक अडवणारी खीळ, कुणी, असते ना, तसं आहे. ते काढलं की चाक निखळतं. हे हवेत निखळलं असतं."

त्या माझ्यामागून आलेल्या भाच्यावर कडाडल्या. "आन् तू गप बसलास? मला कळत न्हाई, तुला तर कळतंय न्हवं? दावं काय मानसाच्या जिवापरीस मोठं हाय का रे?" किसनला त्यांनी गोठ्यात पिटाळलं. पिन आली, हळद लावलेली, दोऱ्यात ओवलेली.

"मंग आता म्या ठिवू काय?" त्यांनी मला विचारलं.

विमान घरंगळू नये म्हणून चाकाखाली लाकडी उट्या लावतात. त्यातली एक मी त्यांना दिली. त्यांनी ती पदरात घेतली. सगळ्या दिवसात शहाणपणाचं बोलणं झालं ते एवढंच, आणि तेही जिनं विमानाला कधी हात लावला नव्हता तिच्याशी.

पिन धुतली, बसवली, वाजवली. टण्ण. मग सही केली आणि पुढं बसलो. संध्याकाळच्या आत आम्ही हैद्राबादला उतरलो.

आबासाहेबांनी ते विमान पुष्कळ वर्षं वापरलं. मला मात्र पुन्हा कधी बरोबर नेलं नाही. क्लबात सांगत असत, "मिस्तरी कामाला चोख, पण माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडतो." ऐकून तेव्हा डोकं फिरायचं. तोंडघशी पडायला ते जिवंत होते, ते कुणामुळं?

माझ्या हाताखाली नंतर जे जे शिकले, त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचो. जेवणाआधीचा चेक जेवणानंतर धरायचा नाही. यजमान जितका चांगला, तितका पाना जोरात वाजवायचा.