लातूरला मी दोनदा मेले

पुणे स्टेशनवर मला सोडायला आमच्या कंपनीचे मालक लेले साहेब स्वतः आले होते. कंपनी म्हणजे सहा माणसं, चार कॉम्प्युटर आणि तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. पण मालक तो मालकच. प्रोग्रॅमची सीडी त्यांनी माझ्या पोळ्यांच्या डब्यात सर्वांत वरच्या पोळीवर ठेवली, कारण पोळ्या कोणी चोरत नाही, आणि म्हणाले, "लातूरचं काम मिळालं तर खोली राहील. नाहीतर सगळ्यांनी आपापलं बघायचं." गाडी हलल्यावर त्यांनी हात केला, तो मला नव्हे, डब्याला.

लातूरच्या एका मोठ्या शिकवणीवर्गाला हजारो मुलांची हजेरी आणि चाचण्यांचे गुण ठेवायला प्रोग्रॅम हवा होता. आम्ही तो जावा या भाषेत, त्या वेळच्या नव्या पद्धतीने तीन थरांत बांधला होता. आता वर्गाचा स्वतःचा प्रोग्रॅमर, व्यंकट नावाचा, त्याने होकार द्यायचा होता. फोनवर त्याने एकच प्रश्न विचारला होता. "प्रोग्रॅम चालू व्हायला किती वेळ लागतो ते राहू द्या. माणसाला उठायला किती लागतो?" मी हसून सोडून दिलं. बाहेरगावची माणसं काहीही विचारतात, असा आम्हा पुणेकरांचा एक गोड समज असतो.

मोईनला बरोबर घ्यायचं म्हणून मी आधी नांदेडला उतरले, आणि तो घ्यायला आला. कॉम्प्युटर जोडणं-दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि लातूरची यंत्रं तोच बसवणार होता. त्याने आधी मला सुशीला (चुरमुरे भिजवून केलेला पोह्यांसारखा नाश्ता) खायला घातला आणि मग माझ्या भाषेवर घसरला. मोईन सी भाषेचा माणूस.

"मॅडम, सीमध्ये वापरून झालेल्या मेमरीचा कचरा आपला आपण काढायचा. तुमच्या जावात त्याला येगळा माणूस ठेवलेला हाय, पण तो कधी येईल ते त्याला बी माहीत न्हाई."

"पण तुम्ही विसरलात तर?"

"मग मरायचं," तो शांतपणे म्हणाला आणि माझ्या पायांकडे बघून एकदम गंभीर झाला. "बक्कलची सँडल? लातूरला जाऊन राहिल्या, मॅडम! साधी चप्पल घ्या. पायात सरकवली की निघालं पायजे." दुकान त्याच्या चुलत्याचं निघालं, त्यामुळे मी काय समजायचं ते समजले. तरी चप्पल घेतली.

नांदेड-लातूर एसटीत आमचं भांडण पुढे चालू राहिलं. विषय होता, प्रोग्रॅम लिहिताना महिरपी कंस ओळीच्या शेवटी उघडायचा की नव्या ओळीवर. जगात यावरून मैत्र्या तुटल्या आहेत. पुढच्या बाकावरचे पटकेवाले काका लोहा गावापर्यंत मान मागे वळवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काढून दावा बरं."

मोईनने तिकिटाच्या पाठीवर दोन्ही प्रकार काढून दाखवले. काकांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले.

"नव्या ओळीवर," त्यांनी निकाल दिला. "उघडलेलं अन् मिटलेलं एका रेषेत दिसाय पायजे. न्हाई तर जनावर कुठून सुटलं ते कळायचं न्हाई."

"पण काका, एक ओळ वाया जाते!" मी म्हणाले.

"ओळीला काय खुराक लागतो का?"

अहमदपूर येईपर्यंत ही गोष्ट सगळ्या गाडीत पसरली होती. कंडक्टरने उभं राहून विचारलं, "ज्यांचं नव्या ओळीवर हाय, त्यांनी हात वर करा." ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी केले. ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर होते म्हणून मी त्याला आपल्या बाजूचा मानला.

लातूरमध्ये शिरलं की आधी चेहरे दिसतात. खांबाखांबावर, गच्चीगच्चीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आणि शेजारी गुण. त्या फोटोंखालून तशीच दप्तरं लावलेली मुलं सायकलींवरून धावत असतात आणि कोणीही वर बघत नाही. हवेत डाळीच्या गिरण्यांचा कोरडा, खमंग वास होता. आमच्या शिकवणीवर्गाची इमारत तीन मजली होती. पण प्रोग्रॅमर मंडळी तिच्यात बसत नव्हती. मागच्या मैदानात लिंबाच्या झाडाजवळ पत्र्याची एक लांब शेड होती, आणि तिला दोन बाजूंनी सहा दारं होती.

व्यंकट पंचविशीचा, किडकिडीत, मोजकं बोलणारा. एकेकाळी याच वर्गाचा विद्यार्थी. त्याच्या शेजारी देवणीचा दत्ता बसायचा, फॉक्सप्रो या जुन्या भाषेत काम करणारा. मी जावाचं नाव काढताच त्याने बाजारात जनावर पारखावं तसे प्रश्न सुरू केले.

"खाती किती?"

"मेमरी? थोडी जास्त."

"म्हंजे जर्सी. दूध देती, पण पंख्याखाली बांधावी लागती. आमचं फॉक्सप्रो म्हंजे देवणी वळू. उन्हात बी चालतंय, कडब्यावर बी चालतंय."

"म्हातारा झालाय तुमचा वळू," मोईन म्हणाला.

"म्हातारा हाय, पण मारका न्हाई."

व्यंकट यात पडला नाही. तो माझा आराखडा बघत होता. एकावर एक तीन चौकोन: तळाला माहितीसाठा, मध्ये नियम, वर पडदा.

"हे तीन मजले झाले," तो म्हणाला. "खालचं हललं तर वरचं अंगावर येतंय."

"अहो, हे कागदावरचे थर आहेत!"

त्याने थोडा विचार केला, कागद आडवा फिरवला आणि चौकोन एका ओळीत आले. "आता बैठं झालं. ठेवा असंच." एवढ्यावर त्याचं समाधान झालं. मी नऊ वर्षं या धंद्यात होते, पण आराखड्यातली चूक कागद फिरवून दुरुस्त झालेली प्रथमच पाहत होते.

मग त्याने मला यंत्रापुढे बसवून एका मुलाचे गुण भरायला सांगितले. मी भौतिकशास्त्रापर्यंत आले आणि कानाशी कोणीतरी स्टीलच्या ताटावर पळी बडवली. क्षणात शेड रिकामी झाली. दत्ता बोलता बोलता अर्धा शब्द तोंडात ठेवून पळाला. मोईन चपलेत पाय सरकवून गेलासुद्धा. मी मात्र शहाण्या माणसासारखं आधी सेव्हचं बटण दाबलं, "साठवले" असं उमटेपर्यंत थांबले आणि मग बाहेर आले.

सगळे लिंबाखाली उभे होते. दत्ताने टोपी काढली.

"मॅडम गेल्या," तो म्हणाला.

मला कळेना, कुठे? मोईनने समजावलं. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली, पण या शेडमध्ये दिवसातून कधीही ताट वाजतं. वाजलं की उठायचं. जो काही करायला थांबला, तो मेला. मेलेल्याने बोलायचं नाही, बाजूच्या स्टुलावर बसायचं आणि चहाबरोबर सगळ्यांना भजी आणायची.

"आणि प्रोग्रॅम?" मी विचारलं.

"मेलेल्यानं बोलायचं न्हाई," व्यंकट म्हणाला.

मी स्टुलावर बसले. माझ्यासमोर माझ्याविषयी बोलणं सुरू झालं. बाई हुशार होती, बोटं भराभर चालायची, पण जावानं घात केला. दत्ताचं म्हणणं पडलं की फॉक्सप्रोत असती तर वाचली असती. तेवढ्यात वर्गाचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, फेरी मारत आले. "पुण्याच्या मॅडम वारल्या असं कळलं," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "वाईट झालं. उद्या पुन्हा बसा. उद्याही गेलात तर मात्र आपलं जमायचं नाही."

मी भजी आणली. मेलेल्या माणसाशी भजीवाला घासाघीस करत नाही, हे तिथे कळलं. त्यालाही रिवाज ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धपाट्यांचा (ज्वारीच्या पिठाच्या तिखट भाकऱ्यांचा) नाश्ता होताच व्यंकटने पडद्यावर बोट ठेवलं. "हे सेव्हचं बटण काढा."

मी भडकले. सेव्ह म्हणजे माणसाने सांगणं, की माझं झालं, आता ठेव. ते काढलं तर अर्धवट, चुकीचं, सगळंच आत जाईल. मी हे सगळं आवाज चढवून सांगितलं.

"जाऊ द्या की. चुकलेला आकडा उद्या दुरुस्त करता येतोय."

"जगात असा प्रोग्रॅम कोणी लिहीत नाही!"

"बटण हाय म्हणून माणूस थांबतोय, मॅडम. बटणच न्हाई तर कशापाई थांबंल?"

लेले साहेबांची खोली डोळ्यांसमोर आली. मुकाट्याने बसले. जो आकडा दाबाल तो तिथल्या तिथे जाऊन बसेल, अशी सोय करत दुपार झाली. बटण पुसताना मला घराच्या उंबरठ्याची पट्टी उपटून काढल्यासारखं वाटत होतं. मोईन बाजूला बसून "या अल्लाह" म्हणत होता.

पुन्हा गुण भरायला बसले. सत्त्याऐंशी लिहायचे होते. आठ दाबला आणि ताट वाजलं. मी सात तसाच सोडला, चपलेत पाय सरकवले आणि बाहेर! सर्वांत आधी! दत्ताने टाळ्या पिटल्या. लिंबाखाली पोचले आणि आठवलं, पर्स आत राहिली. परतीचं तिकीट तिच्यात. मी सहज मागे वळले.

दारात व्यंकट हात पसरून उभा होता.

"अहो, पर्स घेते फक्त. खोटं खोटंच तर आहे."

"आत जायचं न्हाई."

तो हसत नव्हता. चौकट त्याने दोन्ही बाजूंनी घट्ट धरली होती.

"त्या भूकंपाआधी बी बारीक धक्के चालूच होते," तो म्हणाला. "म्हणून आम्ही सगळे अंगणात झोपलेलो. सगळे बाहेरच होतो, मॅडम. पहाटं जमीन हलली अन् दादा, माझे वडील, आत पळाले. माझं दप्तर आणाया. बारावीला होतो मी." मग थोडं थांबून म्हणाला, "दारात कोणीच उभं नव्हतं."

मला रडू आलं, आणि ते लपवायलाही पदर पुरला नाही. एका बटणासाठी सकाळभर मी या माणसावर ओरडले होते.

व्यंकट हात खाली घेऊन आत गेला, यंत्रापुढे वाकला. आठ जागच्या जागी होता. "प्रोग्रॅम जगला," त्याने सरांना ओरडून सांगितलं. "मॅडम दुसऱ्यांदा गेल्या."

"प्रोग्रॅम जगला ना? मग काम तुमचं," सर म्हणाले. मी डोळे पुसले आणि भजी आणायला गेले.

निघताना व्यंकटने ते ताट आणि पळी वर्तमानपत्रात बांधून मला दिली. त्यांच्याकडे दुसरं होतं. गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, स्वयंपाकाला जाता का. मी हो म्हणाले. रात्रभर ताट मांडीवर होतं आणि सीडी कुठे ठेवली ते मला आठवतही नव्हतं.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा काम मिळाल्याचं आधीच कळलं होतं. पेढे तयार होते. मी पेढा बाजूला ठेवला, कागद सोडला आणि ताट बडवलं. पाचही जणांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांतल्या चौघांचा हात आधी सेव्हकडे गेला. चौघेही मेले. एकटे लेले साहेब, घाबरट म्हणून, जिन्यापर्यंत धावले.

तिथे त्यांना काहीतरी आठवलं आणि ते परत फिरले. मी दारात हात पसरून उभी राहिले.

"अगं, डबा राहिला माझा आत."

"राहू दे," मी म्हणाले. "आत जायचं न्हाई."